चर्चमागची खेळपट्टी

आमच्या गावातला फुटबॉल क्लब कोणी काढला, असं तिथल्या पोरांना विचारलंत तर ती म्हणतील, चर्चने. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी सारवलेलं आहे, शेणाने, माझ्या या दोन हातांनी.

ऐंशीच्या दशकातलं पेनसिल्व्हेनिया. आमचे हे पीएचडी करत होते, निदान त्यांच्या गाइडचा तसा समज होता. जीव सगळा क्रिकेटमध्ये. विद्यापीठाच्या मैदानांवर आम्हांला कोण विचारतंय? शेवटी गावातल्या चर्चच्या पाद्रींनी मागचं कुरण खेळायला दिलं. गवत आम्ही कापायचं आणि रविवारची प्रार्थना संपेपर्यंत आरडाओरडा करायचा नाही, असं ठरलं.

शुक्रवार आला की हे फोनला चिकटायचे. कोणाची लॅब, कोणाची परीक्षा, सगळ्यांची मनधरणी करून अकरा जण जमवायचे. कमी पडले तर एखादा तुर्की, एखादा नायजेरियन विद्यार्थी आणि चर्चमधली दोन-चार तरुण मुलं. ती सगळी मुळात फुटबॉलवाली. चेंडू हाताने अडवायचा सोडून पायाने अडवायची आणि हे कपाळाला हात लावायचे. डाव संपला की तीच मंडळी उरलेल्या उजेडात फुटबॉल काढायची, मग आमचेही त्यात घुसायचे.

हे स्वतःला फास्ट बोलर म्हणवून घेत. पण त्या भुसभुशीत जमिनीवर टप्पा पडला की चेंडू घोट्याच्या वर यायचाच नाही. मग यांच्या डोक्यात भूत शिरलं. मधली पट्टी खणायची, चिकणमाती घालून चोपायची आणि वरून सारवायची. माझ्या माहेरचं सारवलेलं अंगण कसं टणक होतं, हे मीच कधीतरी बोलून बसले होते. "अगं, तुला येतं ना? मग झालं तर!" विद्यापीठाच्या गोठ्यातून बादल्या भरून शेण आलं. लेकीला अमेरिकेत धाडताना आईने पुडक्यांत मेतकूट बांधून दिलं होतं. लेक तिकडे जाऊन शेणात हात घालेल, हे तिच्या स्वप्नातही नसेल.

शनिवारी पदर खोचून मी पट्टी सारवली. रविवारी सकाळी वारा नेमका चर्चच्या दिशेने. प्रार्थना संपल्यावर पाद्री झगा सावरत आमच्याकडे आले. आम्ही दोघं मान खाली घालून उभे. ते म्हणाले, "माझं लहानपण गाईगुरांत गेलं. आज प्रार्थनेत फार वर्षांनी आईची आठवण झाली. पण यापुढे सोमवारी सारवत जा."

त्या उन्हाळ्यात दर सोमवारी सारवलं. पाण्याने भरलेलं पिंप पट्टीवरून फिरवलं. चेंडू आपला खालीच. "माती बसायला वेळ लागतो," हे म्हणायचे. "पुढच्या वर्षी उडतो की नाही बघच तू."

जानेवारीत बर्फावर यांची गाडी घसरली आणि हे गेले.

शोकसभा चर्चच्याच हॉलमध्ये झाली. कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. खिडकीतून कुरण दिसत होतं, सगळं पांढरं. त्यात आमची पट्टी नेमकी कुठे आहे, तेवढंच मी शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

आईने खूप बोलावलं, पण मी परत गेले नाही. ग्रंथालयात काम मिळालं होतं. बर्फ वितळल्यावर क्रिकेटची मुलं घरी आली, सोफ्यावर अंग चोरून बसली. "वहिनी, खूप ट्राय केलं. इलेव्हन होतच नाहीत यार. सगळ्यांना फोन कोण करणार?" मी चहा ठेवायला आत गेले.

फुटबॉलला मात्र माणसं होती. आमची आणि चर्चची मुलं मिळून क्लब काढणार होती. पाद्री स्वतः मला विचारायला आले. मधली पट्टी खणून तिथे गवत लावायचं होतं. "तुम्ही नको म्हणालात, तर आम्ही दुसरं मैदान बघू."

मला सगळ्यांचा राग आला, सगळ्यांत जास्त यांचा. नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते कुरण रिकामं पडलेलं मला बघवलं नसतं.

"गवत लावा," मी म्हटलं. "पण खणू नका. वरूनच माती टाका."

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा पहिला सामना झाला. सवयीने मी चहाचा थर्मास घेऊन गेले आणि बाकावर बसले. सगळी अनोळखी माणसं. थोड्या वेळाने कोणीतरी फुटबॉल उंच मारला. तो मैदानाच्या मधोमध पडला, बरोबर आमच्या पट्टीवर, आणि असा उसळला की वाट बघत उभ्या असलेल्या दोघांच्या डोक्यांवरून गेला. लोक हसले.

मी ताडकन उठून उभी राहिले.

"अहो, उडाला!" मी ओरडले. "उडाला हो!"

शेजारच्या बाईने विचारलं, "गोल झाला का?" मी नाही म्हटलं, आणि खाली बसून रडले.