अभिमन नानांचे निरंक

अभिमन नाना मूळचे भडगावकडचे, गिरणाकाठचे. पण त्यांची सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला, जांभूळपाणीच्या विश्रामगृहावर चौकीदार म्हणून गेली. पाहुणा महिन्यातून एखादा, म्हणून सरकारने त्यांच्या गळ्यात आणखी एक काम बांधलं होतं. रोज सकाळी साडेआठला मागच्या टेकाडावर जायचं, तिथल्या डब्यात साचलेलं पावसाचं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. महिनाअखेरीला पत्रक तालुक्याला. तिथे ते माझ्या टेबलावर यायचं, कारण पावसाच्या नोंदींचा कारकून मी.

माणूस असा की विश्रामगृहातला चमचासुद्धा मोजून ठेवायचा. १९७१ पासून तेरा वर्षं त्यांचा एक दिवस चुकला नाही. आठ दशांश मिलिमीटर भुरभुर झाली तरी ती पत्रकात असायची. बाकीच्या गावांची पत्रकं घरबसल्या भरलेली असत हे मला वासावरून कळायचं; नानांचं मात्र खरं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या खरेपणाचा वैताग यायचा. ते दशांश मला हाताने बेरजेला घ्यावे लागत.

चौऱ्याऐंशीच्या आषाढात नाना सायकलवरून पडले आणि गुडघा कायमचा अधू झाला. लंगडत लंगडतच पत्रक घेऊन कचेरीत आले. मी बेरजा करून कावलेलो होतो. म्हटलं, "नाना, या थेंबाथेंबासाठी कशाला गुडघा झिजवता? अंगण भिजलं तर जात जा टेकाडावर. नाहीतर घाला निरंक."

नाना "हां भाऊसाहेब" म्हणाले आणि गेले. मी गमतीने बोललो असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो, पण ते खोटं आहे. मला माझं काम कमी करून हवं होतं. कचेरीतल्या माणसाचा शब्द म्हणजे त्यांना वेदवाक्य. पुढच्या महिन्यापासून पत्रक स्वच्छ. मोठा पाऊस झाला की आकडा, एरवी ओळीने निरंक, निरंक. मी ते पाहिलं, मला कळलं आणि मी खूश झालो.

दहा वर्षांनी, चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत, निर्मलकुमार माझ्याकडे आला. जळगावच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. घरचे म्हणायचे, दुकान सोडून हा ढगांचा व्यापार करतो. त्याचा प्रश्न साधा होता. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. खाली शहरांत गाड्या, भट्ट्या, धुरांडी वाढली. त्या धुराने सातपुड्याच्या जंगलावरचे ढग बदलले का? त्याने सगळ्या गावांची पत्रकं चाळली आणि नानांच्या पत्रकांवर येऊन थांबला. आठवडाभराने मला म्हणाला, "मला या माणसाच्या पाया पडायचंय. चला."

आम्ही गेलो. नानांनी ओसरीत सतरंजी घातली, चहा केला. निर्मलकुमारने आलेखाचा कागद पसरला.

"नाना, ढगातलं पाणी धुळीच्या कणाला धरून थेंब होतं. धूर वाढला की कण वाढतात. एका भाकरीचे वीस वाटेकरी झाले तर कोणाचं पोट भरेल? तसंच थेंबांचं. सगळे बारीक राहतात, जड होऊन खाली पडतच नाहीत. जाड ढग कोसळायचा तो कोसळतो, पण भुरभुर जाते. आणि जंगल त्या भुरभुरीवर ओलं राहतं. हे बघा, चौऱ्याऐंशीपर्यंत बारीक पावसाचे दिवस किती! आणि पुढे एकदम नाहीत. मोठा पाऊस मात्र तसाच. असा स्वच्छ पुरावा देशात कोणाकडे नसेल. पुढच्या आठवड्यात पुण्याला शास्त्रज्ञांपुढे मांडतोय."

मी हातातला कप खाली ठेवला. नाना कागदाकडे बघत राहिले. त्यांना आलेख वाचता येत नव्हता, पण चौऱ्याऐंशी हा आकडा त्यांना चांगला ठाऊक होता.

"मंग कारखानावाला बठ्ठा दोषी?" त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"सगळेच. हा आलेख तेच म्हणतो."

"हाऊ धूर नही, भाऊ," नाना म्हणाले. "हाई मनं काम शे. मना गुडघा दुखस. आंगन कोरडं दिसनं का मी निरंक लिखी टाकू. टेकाडवर मी गयेलच नही."

निर्मलकुमार हसला. मग त्याचं हसू गेलं. त्याने कागद उलटसुलट केला, जणू मागच्या बाजूला दुसरं काही निघेल.

"दहा वर्षं?"

"दहा वरीस."

"कोणी सांगितलं होतं का तसं लिहायला?"

नाना माझ्याशेजारीच बसले होते. मान वळवली असती तर पुरे झालं असतं. त्यांनी वळवली नाही. "कोनी नही, भाऊ. मनाच आळस." मला लाज वाटली, फार वाटली, पण तोंड उघडण्याइतकी वाटली नाही.

निर्मलकुमार रागावला नाही. आर्जवाने म्हणाला, "वही जाऊ द्या. तुम्ही इथेच राहता, नाना. आठवून सांगा, भुरभुर खरंच कमी झाली का?"

नाना बाहेर टेकाडाकडे बघत होते. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी ते लपवलंही नाही.

"माले ठाऊक नही, भाऊ. मी वर दखेलच नही."

निर्मलकुमार पुण्याला गेला नाही. नानांनी दुसऱ्या दिवसापासून काठी टेकत टेकाडावर जायला सुरुवात केली. फेब्रुवारीत, पावसाचं नाव नसताना. कोणीतरी येऊन सांगितलं तेव्हा मी कचेरीत सगळ्यांबरोबर हसलो. जूनपासून पत्रकात दशांश परत आले. मी ते एकेक बेरजेला घेतले.

दोन पावसाळे त्यांनी असे काढले आणि शहाण्णवच्या जानेवारीत गेले. तालुक्याहून जांभूळपाणीला एसटीने दीड तास लागतो. त्या दोन वर्षांत एकदा जाऊन, नाना, चूक माझी होती, एवढं म्हणता आलं असतं. निर्मलकुमारला एक पत्रही टाकता आलं असतं. मी काहीच केलं नाही. धुराने तो पाऊस खाल्ला की नाही, हे आता कोणालाच कळायचं नाही. त्या दहा वर्षांचा पाऊस कोणी मोजलाच नाही, आणि मोजू नका असं सांगणारा मी होतो.