माळावरचा गोल्फ आणि अण्णा

फटका मारल्यावर अण्णा चेंडूकडे कधी बघायचे नाहीत. काठी खांद्यावर, मान तिरपी, डोळे मिटलेले. मग हात लांब करून म्हणायचे, "तितं हाय. बोरीच्या बुडाला." आणि चेंडू तिथेच असायचा! मी याला ऐट समजत होतो. एसटीची ड्रायव्हरकी केलेला माणूस आरशात न बघता गाडी मागे घेतो, त्यातलाच हा प्रकार, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगायचो.

सोलापुरात गोल्फ कुठला, असं विचाराल. वळसंगच्या अलीकडे, टेकडीखाली आमचा माळ आहे. एका जुन्या बंगल्याच्या लिलावात अण्णांनी मेंढरं हाकायला म्हणून पिशवीभर काठ्या घेतल्या, त्या गोल्फच्या निघाल्या. मग आम्ही माळावर खड्डे खणले आणि भोवती हिरवळीच्या जागी गाडीच्या जळक्या ऑइलमध्ये कालवलेली वाळू थापली. गवताचं पातं नाही, नुसता मुरूम. मेंढरं मधूनच हिंडत असायची, म्हणून फटक्याआधी "व्हा बाजूलाऽऽ!" अशी आरोळी द्यायची, हा आमचा नियम. अण्णांचा चेंडू एकदा आभाळात गेला तो कातरलेल्या मेंढ्यांची लोकर पुन्हा वाढली तरी खाली येईना. शेवटी वळसंगच्या एका कोंबडीच्या खुराड्यात सापडला. ती त्याच्यावर उबवायला बसली होती. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा.

अण्णांचं मागणं एकच. "मास्तर, एकदा हिरव्यावर खेळायचं बगा. डोळं भरून." सह्याद्रीच्या पायथ्याला तसं मैदान आहे, तिकीट काढून कुणीही खेळावं असं. मी म्हणायचो, पाऊस सरू द्या. मग, ज्वारी निघू द्या. मग, शाळेच्या परीक्षा होऊ द्या. अण्णा म्हणायचे, "व्हय की, जाऊ की." पण पुढे पुढे त्यांनी तगादाच लावला. "औंदा जाऊच."

"मैदान काय पळून जातंय का, अण्णा?"

"मैदान न्हाय जात, मास्तर," ते म्हणाले, आणि मी हसलो.

गेल्या हिवाळ्यात एकदाचे गेलो. पाठीशी डोंगर, पुढे धुक्यात उतरत गेलेली हिरवळ, चपला हातात घेऊन चालावं अशी. अण्णा कोरा फेटा बांधून आले होते. त्यांनी आरोळी ठोकली तशी शेजारची टोपीवाली मंडळी दचकून बाजूला झाली. फटका असा बसला की डोंगरानेही मान वळवून बघितलं असेल. चेंडू हिरवळीच्या मधोमध पडला. अण्णा मान तिरपी करून उभे राहिले. उभेच राहिले.

"सांगा की, कुठंय?" मी चेष्टेने विचारलं.

त्यांनी हात उचलला, जरा इकडे, जरा तिकडे फिरवला, आणि खाली घेतला. "मास्तर, हितला चेंडू बोलत न्हाय की हो."

मुरमावर चेंडू खडखडत जायचा. अण्णा तो ऐकत होते.

"कधीपासून?"

"लई दिस झालं. काचबिंदू म्हनला डाक्टर. पायाजवळचं धुरकट दिसतं, फुडं समदा धूर."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं व्हय?"

मग त्यांनी माझा दंड धरला. "आता तुमीच सांगा, कसं हाय? तुमी तर एका कोंबडीवर तास तास बोलता."

मी तोंड उघडलं. आयुष्यभर मारलेल्या थापांपैकी एकही कामाला येईना.

"हिरवं आहे," मी म्हणालो.

"लई?"

"लई."

आता अण्णा मंगळवेढ्याला लेकीकडे असतात. काठ्यांची पिशवी माझ्याकडे. रविवारी माळावर जातो, त्यांना फोन लावतो, फोन मुरमावर ठेवतो आणि फटका मारतो. चेंडू खडखडत कुठेतरी भलतीकडेच जातो. फोनमधून आवाज येतो, "बोरीच्या बुडाला!"

मी बघत राहतो. बोरीच्या बुडाला एक मेंढरू बसलेलं असतं.

"व्हय, अण्णा," मी म्हणतो. "तिथंच आहे."