पैलवानाचं दहा दिवसांचं औषध

आमचा मासा जिवंत आहे.
अण्णा नाहीत.

आज वर्ष झालं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. ओतलेला लोखंडी भाग, म्हणजे त्यांच्या भाषेत जॉब, समोर आला की बॅटरी तिरकी धरायचे आणि केसाएवढी चीर शोधून काढायचे. रिटायर झाल्यावर ती बॅटरी घरी आली आणि आमचं काही खरं राहिलं नाही. मी घासलेली भांडीसुद्धा पास-रिजेक्ट व्हायची.

माझ्या मुलीनं, सईनं, वाढदिवसाला फायटर मासा मागितला. गडद निळा आणला. सईनं नाव ठेवलं ब्लू.

"ब्लू काय ब्लू? पैलवान म्हण की!" अण्णा म्हणाले.

झालं. पैलवान.

महिन्याभरात पैलवानाच्या अंगावर सोनेरी झाक आली. अण्णांना कोण आनंद! आल्यागेल्याला टाकीपाशी नेऊन दाखवायचे.

"बघा पावणं, सोन्याचा व्हायलाय!"

मी तर स्टेटसला फोटो ठेवला.

मग पैलवान खाईना. दगडाला अंग घासायला लागला. आम्हाला वाटलं, खेळतोय. चौथ्या दिवशी तो तळाशी मरून पडलेला दिसला.

माशांच्या दुकानदाराला अण्णांनी तो फोटो दाखवला.

"अण्णा, ते सोनं न्हवतं. बारीक कीड हुती. वेल्वेट म्हणत्यात. अंगावर बसून माशाला खाती."

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. "सगळी हयात जॉब तपासलं, आन् घरातलं दिसंना मला," एवढंच म्हणाले.

दुसरा पैलवान त्यांनीच आणला. आणि नियम केला. दर रविवारी टाकीपुढं बसायचं, बॅटरी तिरकी धरायची, मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासायचा.

एका रविवारी हाक आली. "सूनबाई, हिकडं ये."

कल्ल्यांजवळ चिमूटभर हळद सांडल्यासारखं काहीतरी होतं. नुसत्या डोळ्यांना मला ते दिसलंच नसतं.

दुकानदारानं औषध दिलं आणि बजावून सांगितलं. दहा दिवस, रोज थोडं पाणी बदलून. या किडीला उजेड लागतो, म्हणून टाकी झाकून ठेवायची. अण्णांनी माझी चांगली चादर टाकीवर घातली. कॅलेंडरवर रोज पेन्सिलीनं एक टिक करायचे.

पाचव्या दिवशी मासा एकदम स्वच्छ. माझं हळदीकुंकू होतं, हॉलमध्ये ते गाठोडं नको वाटत होतं.

"अण्णा, बरा झाला की तो. काढू का चादर?"

असे भडकले!

"दिसंना म्हंजे गेली, असं कुणी सांगितलं तुला? तळाला बसल्यात त्या. औषध थांबलं की परत चढत्यात अंगावर. धा दिवस म्हंजे धा दिवस!"

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, चादरीखाली काय आहे?
"पेशंट हाय!" अण्णा आतून ओरडले.

दहा टिका पूर्ण झाल्या. पैलवान वाचला.

अण्णांना बीपीची गोळी चालू होती. पैलवान बरा झाल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांनी बीपी तपासून घेतलं. नॉर्मल आलं. खुशीत घरी आले. पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, त्यांच्या गोळ्यांची स्ट्रिप काही कमी होत नाहीये.

"अण्णा, गोळी?"

"नॉर्मल आलाय की. कशाला उगंच खायाची?"

मी गप्प बसले.

सासऱ्यांना उलट काय बोलायचं, असं वाटलं. एका माशासाठी ते माझ्यावर ओरडले होते. मला त्यांच्यासाठी ओरडता आलं नाही. नवीन काही बोलायचंही नव्हतं, त्यांचंच वाक्य त्यांना परत करायचं होतं फक्त.

दोन महिन्यांनी सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. मेंदूत रक्तस्राव. तीन दिवस आयसीयूत होते, मग गेले.

गोळ्या चालू असत्या तर वाचले असते का? डॉक्टर तसं ठामपणे म्हणाले नाहीत. पण दिवसकार्य झाल्यावर मी त्यांचा ड्रॉवर उघडला, तर पैलवानाच्या औषधाची बाटली होती आणि शेजारी ती स्ट्रिप. तेव्हापासून एकही गोळी न काढलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली, तर दहा टिका. मी तिथंच खाली बसून रडले.

आता सासूबाईंनाही बीपीची गोळी चालू आहे. परवा नाश्ता झाल्यावर त्या म्हणाल्या, "नॉर्मल आलाय की गं आता. न्हाय घेत आज."

मी आवाज चढवला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

"आई, दिसंना म्हंजे गेलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आईंनी गोळी घेतली. पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाल्या, "अगदी त्यांच्यागत वरडतीस."

अण्णा, रविवारी बॅटरी तिरकी धरून बघितलं.
पैलवान पास आहे.
आईंची गोळी झाली.

तुमच्या सूनबाईचा नमस्कार.