गोळीवरचं दूध

आमच्या ह्यांना किडनी एकच. दुसरी त्यांनी त्यांच्या अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, माझ्या वन्संना, कधीच देऊन टाकलीय. त्यामुळे उरलेल्या एकीत जंतू शिरलेत असं घोटावड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट बघून बाईंनी सिप्रोफ्लोक्सासिन लिहून दिलं. म्हणाल्या, "ही सर्दीतापाला उठसूट खायची गोळी नाही. ह्या जंतूवर हीच लागू पडतेय म्हणून देतेय. हिच्यानं टाच दुखली, शिर ओढली तर लगेच सांगा."

गोळ्या सुरू झाल्या तरी ताप हटेना. वन्सं नेऱ्याहून म्हशीच्या दुधाची किटली घेऊन मुक्कामालाच आल्या. "गरम गोळी हाय, कोरडी न्हाई घ्यायची. आतडी जाळंल," म्हणत दर गोळीवर पेलाभर दूध स्वतःच्या हातानं पाजायच्या. मला पेल्याला हात लावू देतील तर शपथ! चिडायचे मी, पण बोलणार काय? ज्याच्या किडनीवर जगतेय त्या भावाला दूध पाजणाऱ्या बाईला अडवायचं कसं?

लघवी कमी व्हायला लागली तशी मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर हात आपटला. "कसली गोळी देताय ही? माणूस चाललाय माझा!"

"गोळी कशाबरोबर घेतात?"

"दुधाबरोबर."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, एका जंतूचे दोन व्हायचे तर त्याच्या आतल्या धाग्याचा पीळ सुटावा लागतो. ही गोळी ते कामच अडकवते, धागा तुटतो, जंतू मरतो. पण ती रक्तात पोचायला हवी ना! दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता नुसतं पाणी. गोळीच्या आगेमागे काही तास दूध-दही बंद. उद्या ताप उतरला नाही तर थेट पुण्याला ॲडमिट."

घरी आले तर वन्सं दूधच तापवत होत्या. जिभेवर नाही नाही ते आलं होतं, पण बाईंनी सांगितलं तेवढंच सांगितलं. वन्संनी दुधाचं पातेलं खाली उतरवलं.

"म्हंजी एक घिऊन बसले, आन् दुसरीबी मीच खात हुते गं."

मला रडूच कोसळलं. सगळा राग कुठल्या कुठे गेला.

गोळीची वेळ झाली होती. मी पाणी घेऊन आत गेले, तर ह्यांनी मान फिरवली. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"तू न्हाई. अक्काला पाठव."

वन्संनी घाईघाईनं पेला त्यांच्या ओठाला लावला. अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेल्या घोटाबरोबर ह्यांनी गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटून ताप उतरला, तोवर वन्सं तो रिकामा पेला हातात धरून त्यांच्या उशाशी बसून होत्या.