टीचर ओटिलीच्या आईचं अळणी ताट

डोंगराची निम्मी चढण संपली तरी टीचर ओटिली स्वप्नाविषयी एक अक्षर काढेनात. पुढे पाहुण्या शिक्षकांचा घोळका चालला होता, मागे आम्ही दोघी. काल रात्री त्यांची आई स्वप्नात आली का, आणि आली असेल तर तिचा चेहरा कसा होता, एवढंच मला ऐकायचं होतं. पण विचारायची सोय नाही. कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कारियाकू बेटावर ज्याला स्वप्न पडतं त्यानेच ते आपणहून सांगायचं असतं. कुणी खोदून विचारलं तर ते विरून जातं म्हणतात. म्हणून मी तोंडात दोन चिंचा धरून चालत राहिले.

टीचरांचं तोंड मात्र चालू होतं. वाटेत लाल सालीचं झाड आलं. त्याची साल पापुद्र्यांसारखी सुटत होती.

"याला आम्ही पाहुण्यांचं झाड म्हणतो," टीचर म्हणाल्या. "आधी उन्हाने लाल होतं, मग त्याची सालं निघतात."

नॉर्वेहून आलेल्या सिग्रिडने हळूच आपल्या नाकाला हात लावला. तिथे खरंच साल निघत होती. सगळे हसले, सगळ्यांत जास्त तीच हसली. काल दुपारी हीच मुलगी रडवेली होऊन अंगणात उभी होती, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

विंडवर्ड गावातली अर्धी माणसं टीचरांच्या हाताखाली शिकलेली. होड्या बांधणारे सुतारसुद्धा त्यांना पाहून अजून विडी लपवतात. नवरा बोटीवर होता, तो वारला. मुलं इंग्लंडात स्थायिक झाली. घरात आई आणि त्या. माझे यजमान इथल्या दवाखान्यात औषधं देतात, म्हणून मी या बेटावर आले आणि टीचरांच्या शेजारची झाले. त्यांच्या परसात तूर आणि माझ्या परसातही तूर. हिरवे दाणे सोलता सोलता आमची मैत्री झाली.

टीचरांची आई सेलेस्टीन मी चांगली पाहिलेली. अंगाने काटकुळी, आवाज मात्र या टोकाचा त्या टोकाला जाणारा. टीचरांनी काहीही रांधलं तरी पहिल्या घासाला ती म्हणायची, "ओटी, मीठ कमी." नंतर ताट चाटूनपुसून साफ करायची. गल्लीतली पोरं तिच्या आवाजात तेच म्हणत पळायची आणि टीचर काठी घेऊन त्यांच्या मागे लागायच्या.

ती गेली आणि वर्षभराने स्वप्नात यायला लागली. यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, पुढ्यातल्या ताटातला एक घास घ्यायची, ताट बाजूला सारायची आणि ॲप्रनला हात पुसून निघून जायची. बोलायची नाही. म्हाताऱ्यांनी असं स्वप्नात येऊन मागितलं की इथे त्यांच्यासाठी ताट लावतात. टीचर रविवारी न चुकता चर्चला जातात आणि हे ताटही लावतात. पाद्रीबाबांना ते ठाऊक आहे, त्यांच्या आईचंही लागतं. टीचरांनी ताट लावलं. आई पुन्हा आली, पुन्हा तसंच ताट सारून गेली. पुढच्या खेपेला मासा बदलला, कोंबडं घातलं, आईच्या आवडीची रताळी घातली. तरी तेच.

मला हे नवं नव्हतं. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवेना की माणसं काय काय कबूल करतात, ते लहानपणी पाहिलं आहे. टीचरांचा कावळा काही शिवत नव्हता.

अशात शिक्षकांच्या देवाणघेवाणीचं आलं. चार देशांचे शिक्षक आमच्या शिक्षकांच्या घरी राहणार, खारफुटी, कासवांचा किनारा, होड्या, ढोलांचा नाच सगळं पाहणार, आणि नंतर आमचे शिक्षक त्यांच्याकडे जाणार. टीचरांचं नाव नॉर्वेसाठी लागलं. जन्मात बर्फ पाहिला नव्हता, ऐकून त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मी नाही जाणार. आई अशी उपाशी उठून जाते आणि मी बर्फ बघायला जाऊ? सगळ्यांनी समजावलं. त्यांचं एकच उत्तर, ती जेवली तर जाईन.

म्हणून काल त्यांनी शेवटचं म्हणून ढोलांसकट मोठं ताट मांडलं. पाहुणे आले होतेच, त्यांनाही ढोल ऐकायला मिळतील. अंगणात चुली पेटल्या. शेजारची वेल्मा भल्यामोठ्या दांड्याने मक्याचं पीठ घोटत होती. आईच्या खोलीत टेबलावर पांढरा कपडा, मेणबत्ती, पाण्याचा पेला, थोडी रम, आणि निळ्या काठाच्या तिच्या जुन्या थाळीत भात, मक्याचा गोळा, मासा, तुरीचे दाणे. सगळं अळणी. म्हाताऱ्यांच्या ताटात मीठ घालत नाहीत. आमच्या नैवेद्याच्या पानावरही मीठ वाढत नाहीत, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. टीचरांनी दार लोटून घेतलं. आता ढोल थांबेपर्यंत आत कुणी डोकवायचं नाही.

सिग्रिड सकाळपासून कासवांच्या किनाऱ्यावर होती. उशिरा आली, भुकेने कासावीस. वेल्माचे दोन्ही हात गुंतलेले. तिने हनुवटीनेच घर दाखवलं आणि म्हणाली, तुझं ताट आत टेबलावर झाकून ठेवलंय, पांढऱ्या कपड्यावर. ते ताट होतं बाहेरच्या खोलीत, आणि पोरांनी ते केव्हाच फस्त केलं होतं. सिग्रिडला तिथे काही दिसेना, म्हणून तिने पुढच्या खोलीचं दार उघडलं. पांढरा कपडा दिसला, झाकलेली थाळी दिसली, वर मेणबत्ती आणि पाणीसुद्धा. आपल्यासाठी किती केलंय या लोकांनी, असं तिला वाटलं. बिचारी पोटभर जेवली. थाळी विसळून, पुसून ती अंगणात आली आणि टीचरांच्या हातात देत म्हणाली, "फार छान होतं. फक्त मीठ जरा कमी होतं."

निळ्या काठाची थाळी सगळ्यांनी ओळखली. ढोल बंद पडले. वेल्मा होती तिथे मटकन ओंडक्यावर बसली. काय झालं ते सिग्रिडला कळेना, पण काहीतरी भलतंच झालंय हे सगळ्यांच्या तोंडांवरून कळलं आणि ती रडवेली झाली.

टीचर थाळीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काय म्हणालीस? परत म्हण."

"मीठ," सिग्रिड पुटपुटली, "कमी."

टीचर हसायला लागल्या. अशा हसल्या की ओसरीचा खांब धरावा लागला. डोळ्यांतून पाणी. मग वेल्मा हसली, मग पोरं सेलेस्टीनच्या आवाजात ओरडायला लागली, "ओटी, मीठ कमी!" माझ्या मनात आलं, शिवला. कावळा शिवला एकदाचा.

ढोलांपुढे पापा डोनेल बसले होते, सेलेस्टीनचे चुलतभाऊ. ते तेवढे हसले नाहीत. ढोलाच्या कातड्यावरून बोटं फिरवत राहिले.

"मीठ न खाणारा हलका राहतो," ते म्हणाले. "समुद्रावरून उडत आफ्रिकेत, गिनीला परत जातो, आपल्या मूळ माणसांत. म्हणून म्हाताऱ्यांना अळणी द्यायचं, जाणं सोपं व्हावं म्हणून. पण सेलेस्टीनला कुठे जायचंय? ती बाई हिल्सबरोच्या बाजारात गेली तरी दुपारपासून घरी यायची घाई करायची."

"म्हणजे इतके दिवस आपण तिला हाकलतच होतो की काय?" वेल्मा म्हणाली.

"तू तर ती जिवंत असतानाही हाकलत होतीस," पापा डोनेल म्हणाले, आणि मग स्वतःही हसले.

पण रीत मोडायची तर आधी माफी मागायला हवी, हे त्यांनी सोडलं नाही. माफीचा ढोल धरला. खांद्यावर टॉवेल घेऊन टीचर मातीत गुडघे टेकून बसल्या, आणि कुणी न सांगता सिग्रिडही त्यांच्या शेजारी बसली. मी मनातल्या मनात माझ्या देवाला सांगितलं, यांचं ऐका, मन साफ आहे. गाणं संपल्यावर टीचर उठल्या, थाळी पुन्हा भरली आणि मिठाचा डबा सिग्रिडच्या हातात दिला. तिने भीत भीत चिमूट टाकली. टीचर म्हणाल्या, अजून. पुन्हा चिमूट. अजून. आईच्या खोलीचं दार लोटलं आणि ढोल असे घुमले की मीही चपला काढून कडेला पाय हलवून घेतले. पापा डोनेलनी ते पाहिलं आणि पुढचे काही दिवस मला चिडवायची सोय करून घेतली.

हे सगळं कालचं. आज आम्ही डोंगराच्या माथ्यावर पोचलो. खाली दोन्ही बाजूंना समुद्र, आणि आमच्या डोळ्यांच्या पातळीवर फ्रिगेट पक्षी पंख न हलवता तरंगत होते. पाहुणे फोटो काढायला पुढे पांगले. टीचर एका खडकावर बसल्या, बूट काढले, पाय चोळले.

"आली होती," त्या म्हणाल्या.

मी तोंडातले चिंचोके हातात काढले.

"उंबऱ्यावर बसली. घास घेतला. मग दुसरा घेतला. सगळं संपवलं गं इंदू, माशाचं डोकंसुद्धा चोखलं. आणि एवढा मोठा ढेकर दिला की मी दचकून जागीच झाले."

आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढे पांगलेले पाहुणे वळून बघायला लागले.

"मग आता नॉर्वेला जाणार ना टीचर?" मी विचारलं.

"जाणार तर. सिग्रिड म्हणते तिच्या घरी लोकरीचे मोजे ढिगाने आहेत." त्यांनी बूट पुन्हा घातले, पण उठल्या नाहीत. "पण ते नोव्हेंबरात आहे. मृतांच्या दिवशी मी इथे नसेन. ताट तू लावायचंस, इंदू."

मी म्हणाले, टीचर, मी बाहेरची. तुमच्या आईच्या खोलीत मी कधी पाऊलही टाकलं नाही. वेल्मा आहे, पापा डोनेल आहेत.

"वेल्माचं आणि आईचं कधी पटलं नाही, आणि डोनेलला भात शिजवता येत नाही. काल तिला कुणी जेवायला घातलं? नॉर्वेच्या पोरीने. तू तर शेजारची." टीचर माझ्या हाताचा आधार घेऊन उठल्या. "तू लाव. तुझे ते तुरीचे दाणे कर, नारळ घालून. आणि वाढायच्या आधी स्वतः चाखून बघ बाई. तुझाही हात मिठाला आखडता आहे."