ठिपक्या-वासराची सासू

पिताकी आणि तिचा जावई लग्नानंतर सातव्या वर्षी पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा बॅजर ओढ्याकाठची कुत्री भुंकायची थांबली, दोन घोडे खुंट उपटून पळाले, आणि जावयाने खिडकीतून अशी उडी मारली की तीन टेकड्यांपलीकडच्या म्हाताऱ्यांना वाटलं, शत्रूच चालून आला. खिडकी बंद होती, ही गोष्ट वेगळी.

गव्यांच्या शिकारीवर जगणाऱ्या पिकुनी टोळीत सासू-जावयाने एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, बोलायचं नाही. नजर भिडलीच तर जावयाने सासूला घोडा द्यायचा. तंबूंच्या काळात हे सोपं होतं. सासूचा तंबू वेगळा. मग गवे संपले, पिकुनी सरकारी शिध्यावर आले, आणि घोड्यावर धड बसताही न येणाऱ्या सरकारी साहेबाने हुकूम काढला, की आता माणसासारखं लाकडी घरात राहा. खोली एक, दार एक.

त्या भेटीपायी जावयाच्या, म्हणजे ठिपक्या-वासराच्या, दोन घोड्यांपैकी एक सासूकडे गेला. उरलेला वाचवायला त्याने खोलीत मधोमध घोंगडी टांगली.

"त्याला सांग, लाकडं ओली आणलीयत," पिताकी दोन हातांवरून मुलीला बजावायची.

"अहो, आई म्हणते लाकडं ओली आहेत," मुलगी दुरून-गाणारी नवऱ्याला सांगायची.

"ऐकलं."

"आई, ते म्हणतात ऐकलं."

"अगं बाई, कान आहेत होय त्याला!"

ठिपक्या-वासराच्या बापाने क्रो टोळीचे चाळीस घोडे पळवले होते. हा दिवटा एक राखायला स्वतःच्या घरात डोक्यावरून कांबळं ओढून चाले आणि रोज चुलीवर आपटे.

शेवटी चुलतभावाने युक्ती सांगितली. "आजारी पड की लेका! सासूने शुश्रूषा केली की बंदी कायमची सुटते. घोडाही द्यावा लागत नाही."

दुरून-गाणारी शिध्याला गेली त्या सकाळी ठिपक्या-वासरू कण्हायला लागला. पिताकीने घोंगडी सारली, कपाळाला हात लावला. कपाळ ओढ्याच्या पाण्यासारखं गार. तिने मुळांतलं सगळ्यात कडू मूळ निवडलं आणि उकळून चार दिवस पाजलं. जावई कांबळं सोडून पुन्हा पुन्हा झाडीकडे धावायला लागला आणि खरोखरच आजारी पडला.

पाचव्या दिवशी ती समोर बसली. बंदी सुटली होती. सात वर्षांचं साठलेलं होतं.

"बरं वाटतंय का, जावईबापू? मग ऐका. हे खोगीर बांधलंय की कावळ्याचं घरटं? आणि जेवताना तो आवाज कसला? घोंगडीमागे मला वाटायचं, अस्वल शिरलंय. बोला की! आता कुणाकडून निरोप धाडणार?"

ठिपक्या-वासराने बायकोकडे पाहिलं. शिधा घेऊन परतलेली बायको मोकासिन, म्हणजे चामडी जोडे, शिवत होती. सात वर्षं दोघांची बोलणी वाहून ती दमली होती.

पिताकी थंडी सरेपर्यंत बोलत राहिली.

वसंतात ठिपक्या-वासराने शेवटच्या घोड्यावर सासूसाठी स्वतःच्या हाताने खोगीर चढवलं. पिताकी तो घेऊन हार्ट ब्यूटला बहिणीकडे राहायला गेली.