झेलीच्या स्क्रूवरचे ठिपके

फ्रान्सच्या बूर्गोन्य भागातल्या एका गावात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरे आणि तिथे व्यापारी अँतेल्म पेराशोंचा शब्द शेवटचा असे. बाटलीचं बूच काढायचे जुने स्क्रू हा त्याचा खास प्रांत: चांदीच्या मुठीचे, शिंपल्याचे, कासवाच्या पाठीचे. तो वस्तू पाहून निकाल देई. खरं तर आणणारा माणूस पाहूनच अर्धा निकाल देऊन टाकी.

मार्चमध्ये झेली गोद्री आली. चाळीस वर्षं एका द्राक्षमळेवाल्याकडे तिने स्वयंपाक केला होता. मरताना मालकाने तिला आपला हस्तिदंती मुठीचा स्क्रू दिला होता. अँतेल्मने तिचे भाजून काळवंडलेले हात पाहिले, मग मुठीवरचे काळे ठिपके. हाडाला बारीक छिद्रं असतात, त्यांत मळ बसतो, हे धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

"बैलाचं हाड आहे, मादाम," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हत्ती काही तुमच्या मालकांना परवडलेला दिसत नाही!"

लोक खो खो हसले. झेलीने स्क्रू पिशवीत टाकला आणि खाली मान घालून निघून गेली.

ऑक्टोबरात ती तांब्याची भांडी विकणार होती, म्हणून तो तिच्या घरी गेला. तिने बाटली आणली आणि घासलेल्या भांड्यांतून तोच स्क्रू काढला. मूठ उभी तडकली होती.

"भांड्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकते आता. हाडाला काय होतंय?"

अँतेल्मने मूठ खिडकीशी नेली. मळ निघून गेला होता. ठिपके म्हणजे नक्षीसाठी पाडलेली छिद्रं होती; त्यांचा चक्क द्राक्षांचा घोस झाला होता आणि एका छिद्रात चांदीची इवलीशी खिळी अजून चमकत होती. बाकीच्या गळून पडल्या होत्या. मुठीच्या टोकावर फक्त हस्तिदंतातच असते तशी तिरप्या रेषांची जाळी होती. नीट पाहिलं असतं तर हे सगळं मार्चमध्येही दिसलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाळीस वर्षांच्या बदल्यात हाड!" झेली म्हणाली. "मालकांच्या थडग्यावर फुलं न्यायचीच सोडली मी."

गप्प बसणं सोपं होतं. पण त्याच्याने राहवेना.

"मादाम, हस्तिदंतच आहे हा. चुकलो मी. नीट बघितलंच नव्हतं."

"मग बघितलंत तरी काय?"

त्याची नजर तिच्या काळवंडलेल्या हातांवर गेली आणि लाजून खाली वळली.

झेलीने एप्रन सोडला, कोट चढवला. "चला. बाजारात मोठ्यानं बोललात ना? आता मालकांपुढे बोला."

थडग्यापाशी त्याने टोपी काढली. कसेबसे दोन शब्द पुटपुटला.

"मोठ्यानं," झेली म्हणाली.